तलाठी उठतोय तोवर

लिंबाची वस्ती, ता. नेवासा
११ डिसेंबर २०२५

निवेदिता,

वर चि. लिहावं की सौ. लिहावं हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नये. पूर्वी तू मला मामा म्हणायचीस, सासऱ्याला म्हणतात तसं. कोर्टात तुझ्या नि सोपानच्या सह्या होऊन तीन वर्षं झाली. आता काय म्हणायचं ते तूच ठरव. सोपानने जे केलं ते मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

तुझा पत्ता शेजारच्या आबासाहेबामुळे मिळाला. तो मेव्हण्याकडे चोपड्याला गेला होता. परत आल्यावर म्हणाला, "तात्या, तुमची सून, म्हंजी मागची सून, एसटीत तिकिटं फाडती." मी म्हटलं, आता फाडत नसतात, मशीनमधून निघतात. तर म्हणाला, "मशीन असू नायतर काय असू, एका दारुड्याला असा खाली उतरवला की समदी गाडी गप." मी त्याला हे तीनदा सांगायला लावलं. तुझी सासू झुंबर आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला होता. म्हणून आगाराच्या पत्त्यावर लिहितो आहे. फोन नको. फोनवर मला धाप लागते आणि झुंबर मध्ये बोलते.

लिहिण्याचं कारण तलाठी. कुत्रा तू आणलेला, नाव तू ठेवलेलं, त्यामुळे तुला कळवणं भाग आहे. तू पिशवीतून आणलंस तेव्हा ते पिल्लू कधी जागेवर सापडायचं नाही, म्हणून तू तलाठी म्हणालीस आणि सगळी वस्ती हसली. आता तो इतका जागेवर असतो की नावच चुकलं असं वाटतं.

तू गेल्यानंतरची एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. मागच्या हिवाळ्यात उसातून बिबट्या आला, थेट कालवडीवर. तलाठी मध्ये गेला. गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता, खिळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला, चांभाराकडून मी करून घेतला होता. बिबट्याने गळा धरला आणि तोंड फोडून घेतलं. तलाठ्याचा एक कान फाटला. कालवडीच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. पेपरवाला येऊन फोटो काढून गेला. बातमी आली, "तलाठ्याने बिबट्याला पळवले." आमचे खरे तलाठीभाऊसाहेब चिडले. दिवसभर लोक त्यांना फोन करून विचारत होते, साहेब, कुठं लागलं का? तो कागद मी फ्रेम करून लावला आहे. सोपानच्या लग्नाचा फोटो होता त्या खिळ्याला.

सध्या पुढच्या उजव्या पायाने जरा लंगडतो. मुरगळला असावा. काळजीचं कारण नाही. संध्याकाळी मी काठी आणि बॅटरी घेतली की अजूनही उठतो आणि माझ्याबरोबर गोठा, विहीर, उसाचा बांध अशी सगळी फेरी करतो. जोवर फेरी आहे तोवर कुत्रा ठणठणीत, असं मी समजतो.

थंडी पडली आहे. पहाटेच्या गाडीला कानटोपी घालत जा.

मामा

—

२४ डिसेंबर २०२५

निवेदिता,

पत्र पोचलं. मामा म्हणालीस, बरं वाटलं.

तू विचारलंस, मुरगळलेल्या पायासाठी मामा आठ वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा पत्र लिहितात का, खरं काय ते सांगा. तू तिकडे दिवसभर माणसं बघतेस, तुझ्यापासून लपवणं अवघड आहे.

पाय मुरगळलेला नाही. दिवाळीपासून मनगटाच्या वर गाठ आहे. आधी लिंबाएवढी होती, आता मोठी आहे. हळद लावून झाली, शेक देऊन झाला. मग दुधाच्या टेम्पोतून श्रीरामपूरला नेला. तिथे डॉ. देवश्री म्हणून बाई आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी फोटो काढला. हाडाचा कॅन्सर आहे. छातीच्या फोटोतही डाग निघाले, त्यामुळे पाय काढूनही उपयोग नाही म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं, "बाई, पण हा रडत नाही. एकदासुद्धा कण्हला नाही. बिबट्याने कान फाडला तेव्हाही नाही."

त्या म्हणाल्या, "तात्या, रडत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही. असे कुत्रे शेवटपर्यंत दाखवत नाहीत. याच्या जागी तुम्ही असता तर चार माणसांनी उचलून आणलं असतं."

मला हे ऐकून काय वाटलं सांगू? आधी छातीच फुगली. काय जनावर आहे बघा, असं वाटलं. टेम्पोत बसल्यावर मग त्याचा तो पाय वाटभर मांडीवर धरला.

बाईंनी वेदनेच्या गोळ्या दिल्या. त्या म्हणाल्या की यातून तो बरा होणार नाही, एक दिवस इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे सोडवावं लागेल. आधी झोपेचं, मग दुसरं. त्याला काही कळत नाही. मी म्हटलं, तारीख सांगा. त्या म्हणाल्या, "तारीख मला सांगता येणार नाही. तो तुमच्याबरोबर राहतो. तुम्हाला कळेल." मला कसं कळणार? मला भाजीचा वाफा कधी खुरपायचा हे दुसऱ्याला विचारावं लागतं.

मग मी विचारलं. वस्तीवर विचारलं, नेवाशाच्या बाजारात विचारलं, देवळात विचारलं. आबासाहेब म्हणतो, "भैरोबाचं जनावर हाय तात्या, सुई टोचून मारायचं? पाप लागंल. कुत्रं आपलं आपन जातं, रानात जाऊन पडतं." दूधवाला म्हणतो, अंगावर किडे पडायच्या आत उरकून घ्या. पुजारी म्हणाले, जागेवरून उठेनासा झाला की मग बघा. ते सगळ्यांत बरं वाटलं, कारण तलाठी अजून उठतो.

सोपानला फोन केला. तो चाकणला आहे. म्हणाला, कुत्र्यासाठी एवढं कशाला. सोपान कधी घरी आला तर तलाठी जागचा हलत नाही, शेपूटही हलवत नाही.

झुंबर म्हणाली, "ह्यांच्या चहात साखर किती घालायची ते बी गावसभेत ठरवावं लागतंय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "जिचं कुत्रं हाय तिला इचारा."

म्हणून विचारतो. कुत्रा तुझा आहे. तू सांगशील तसं करतो. हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही. लवकर कळव, मला झोप लागत नाही.

फेरी चालू आहे. कालही विहिरीपर्यंत आला.

मामा

—

३ जानेवारी २०२६

निवेदिता,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग झुंबरला वाचून दाखवलं. तू ठरवायला नकार दिलास. "मी त्याला सोडून गेले, तुम्ही सांभाळलंत, तो तुमचा आहे," असं लिहिलंस. सोडून गेलीस असं लिहू नकोस. एका खोलीत भाड्याने राहून नोकरी शोधणारी बाई एवढा मोठा कुत्रा कुठे नेणार? जाताना तू त्याच्यापुढे बसून काय बोललीस ते मला ऐकू आलं नव्हतं. पण त्या रात्रीपासून तो माझ्या खाटेखाली झोपायला लागला.

खाली तू लिहिलंस, "मामा, एक संध्याकाळ काठी उचलू नका. खाटेवरच बसून राहा आणि तो काय करतो ते बघा." मला याचा अर्थ लागला नाही. रागही आला. फेरी बंद केली तर त्याला वाईट वाटेल, तो समजेल की आपल्याला कामावरून काढलं. पण तू कधी उगाच काही बोलत नाहीस.

काल काठी उचलली नाही. बॅटरी कोनाड्यातच ठेवली. दिवस मावळला. तलाठी दारात पडला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग काठीकडे बघितलं. मी तोंड फिरवून बसलो. त्याने पुन्हा बघितलं. मग काय केलं असेल? मोठा श्वास सोडला आणि मान जमिनीवर टाकली. उठला नाही. पाय लांब करून आडवा झाला, झोपला, आणि झोपेत त्याचं अंग थरथरायला लागलं. जागेपणी मी ते कधी बघितलं नव्हतं.

म्हणजे इतके दिवस तो मला बरं वाटावं म्हणून फेरीला येत होता. मी काठी उचलायचो, म्हणून तो उठायचा. आणि तो उठायचा म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरायचो, कुत्रा ठणठणीत आहे. मी त्याला राखत होतो की तो मला, हे मला आता सांगता येत नाही.

झुंबरने हे बघितलं. उठून तिने त्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा सोडला. पट्ट्याखालचे केस गेले होते. तिथे खोबरेल लावलं. ही तीच झुंबर, जी त्याला ओसरीवरून झाडूने हाकलायची.

पण मग कधी, हा प्रश्न तसाच राहिला. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, गोळी वाढवू, पण ते हाड आता कधीही मोडेल, साधं उठताना मोडेल. ते झाल्यावर रात्री-अपरात्री गाडी मिळेपर्यंत त्याने तळमळत पडायचं, असं होऊ देऊ नका.

तू तर ठरवणार नाहीस. मी ठरवू शकत नाही. आता काय करू?

मामा

—

८ जानेवारी २०२६

निवेदिता,

येतेस हे वाचलं आणि मी ओरडलोच. झुंबर गोठ्यातून पळत आली, तिला वाटलं बिबट्या.

संक्रांतीच्या गर्दीत रजा मिळणार नाही, अठरा तारखेला सकाळी येते, त्याला एकदा बघते, मग आपण दोघं मिळून ठरवू, असं लिहिलंस. फार चांगलं. आपण दोघं. मी तुझ्या पत्राखाली अठरा तारखेवर बोट ठेवून बसलो होतो. श्रीरामपूरला उतरलीस तर मी घ्यायला येतो. नेवाशाला उतरलीस तर तिथे येतो. शिर्डीवरून गाडी असेल तर तसं कळव, मी तिथेही येईन.

इथली काळजी करू नकोस. सोपान येणार नाही, मी त्याला सांगून टाकलं आहे की अठराला या घरी पाहुणी आहे. कोण ते त्याने विचारलं. मी सांगितलं. तो फोनवर बराच वेळ बोलला. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, घर माझं आहे. असं मी आजवर कोणाला म्हटलं नव्हतं. नंतर बरं वाटलं.

झुंबरने ओसरी सारवली. तुझी जुनी गोधडी उन्हात घातली आहे. तिळाचे लाडू तुझ्यासाठी राखून ठेवणार म्हणते, आणि मला डब्याला हात लावू देत नाही.

तलाठी बरा आहे. एका गोळीच्या दोन केल्या आहेत. अठरापर्यंत काढेल. काढेलच. बिबट्यासमोर उभा राहिला तो, आठ-दहा दिवस म्हणजे काय. मी रोज त्याच्या कानात सांगतो, निवेदिता येतेय, थांब.

मामा

—

१४ जानेवारी २०२६

निवेदिता,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे, तू निघायच्या आत मिळावं म्हणून. आधी बातमी सांगतो, मग बाकीचं. तलाठी काल गेला. मी नेला असं म्हणायला पाहिजे. कोणाला विचारलं नाही. तुलाही नाही.

रविवारपासून दोन गोळ्याही पुरेनात. दिवसा पडून राहायचा. मी जवळून गेलो की शेपूट हलवायचा, मी पुढे गेलो की डोळे मिटायचा. मी तिसरी गोळी कुटून दुधात घालायला घेतली, अठरा तारखेपर्यंत कसंही करून न्यायचं म्हणून. झुंबरने वाटी धरली.

म्हणाली, "कुनासाठी थांबवताय त्याला?"

मी म्हटलं, निवेदिता येणार आहे, तिला भेटायचं आहे.

"तिला त्याला भेटायचं हाय. तुमाला तिला भेटायचं हाय. त्याला काय पायजे ते कुनी इचारलं का?"

मी वाटी खाली ठेवली. ती म्हणाली ते खरं होतं. कुत्रा जिवंत असेल तर तू या घरी येशील, नसेल तर कशाला येशील, असं माझ्या मनात होतं. एवढ्यासाठी मी त्याला त्या पायावर उभा ठेवणार होतो.

त्या रात्री मी सगळ्यांचं बोलणं आठवून बघितलं. पुजारी म्हणाले होते, उठेनासा झाला की बघा. मला ते पटेना. ज्याने आयुष्यभर उभं राहून राखण केली, त्याने उठता येत नाही म्हणून घाणीत पडून जायचं? हाड मोडून, ओरडत? जो कधी ओरडला नाही त्याला शेवटी मी ओरडायला लावू? नाही. तो उठतोय तोवरच. सकाळी मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि म्हटलं, आज या. त्यांनी विचारलं, घरात सगळ्यांशी बोललात का? मी म्हटलं, आज मीच बोलतोय.

काल भोगी होती. झुंबरने तीळ लावून बाजरीची भाकरी केली आणि पहिली त्याला दिली, वर लोण्याचा गोळा. त्याने सगळी खाल्ली, ताटलीही चाटली. मग आपणहून उठला. मी हाक मारली नव्हती. तीन पायांवर अंगणात गेला आणि उन्हात बसला. दुधाचा टेम्पो आला तेव्हा त्याच्यावर भुंकला. भरपूर भुंकला, पूर्वीसारखा. दूधवाला म्हणाला, "तात्या, ह्याला काय धाड भरलीय?"

दुपारी बाईंची गाडी आली. तो उभा राहिला आणि त्यांच्यावरही भुंकला. त्या फाटकातच थांबल्या. म्हणाल्या, "तात्या, हा तर भुंकतोय. नक्की आजच?"

निवेदिता, मला आयुष्यात इतकं स्वच्छ कधी काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "व्हय बाई. भुंकतोय म्हणूनच."

लिंबाखाली तुझी गोधडी घातली. तुझी होती, विचारायला हवं होतं. पण त्याने ती हुंगली आणि लगेच त्यावर बसला, त्यावरून तू परवानगी दिलीस असं धरलं. पहिलं इंजेक्शन दिलं. त्याला झोप यायला लागली, पण मान खाली ठेवीना. दर वेळी डोळे उघडून उसाकडे बघायचा. बाई म्हणाल्या, औषध कमी पडत नाही, तोच झगडतोय. मग झुंबर त्याच्या डोक्याशी बसली, फाटक्या कानावर हात ठेवला आणि म्हणाली, "झोप रे बाबा. मी हाय जागी."

त्याने मान टाकली. दुसरं इंजेक्शन त्याला कळलंही नाही. माझा हात त्याच्या छातीवर होता. कण्हला नाही.

बाईंनी जाताना सांगितलं, बहुतेक लोक उशीर करतात, मग हळहळतात. तुम्ही वेळेत बोलावलंत. मी हे तुला बढाई म्हणून लिहितो आहे, बढाईच समज. मी सातवीपर्यंत शिकलेला, सगळ्यांना घाबरणारा माणूस. हे एक काम मी नीट केलं. त्याच्या तोडीचं केलं की नाही ते सांगता येत नाही, पण त्याला लाज वाटेल असं केलं नाही.

खड्डा आबासाहेबाने खोदला. पाप लागेल म्हणणाराच फावडं घेऊन आला. मला म्हणाला, "तुमी बसा तात्या, तुमच्या कमरेत न्हाई ते." मीठ घातलं, वर दगड रचले. जाताना आबासाहेब बांधावर उभा राहून रडला आणि मला म्हणाला, कुणाला सांगू नका. तुला सांगितलं.

तुझी भेट हुकली. तू रागावशील. चार दिवस थांबायला काय झालं होतं म्हणशील. तसं वाटलं तर सरळ लिही, मी ऐकून घेईन, पण चुकलं असं म्हणणार नाही. त्याला शेवटचं बघायचं असेल तर असं बघ: उन्हात बसला आहे, पोट भरलेलं आहे, गळ्यात काही नाही, आणि टेम्पोवर भुंकतो आहे.

अठरा तारखेची रजा तू रद्द करून घे. माणसाने रजा उगाच घालवू नये. आता या घरी यायला तुला काही कारण राहिलेलं नाही, हे मला काल बाईंना फोन लावायच्या आधीही माहीत होतं. लाडवांचा डबा झुंबर पार्सल करणार म्हणते.

पण तरीही तू काही कारण नसताना आलीस, तर श्रीरामपूरच्या स्टँडवर मी सकाळपासून आहे.

तुझे मामा